उटणे

उटणे : स्नानापूर्वी अंगाला चोळण्याचे सुगंधी वनस्पतींचे चूर्ण. हा शब्द संस्कृत 'उद्वर्तन'पासून आला. अष्टांगहृदयात उद्वर्तनाचा समावेश दिनचर्येत असून ते कफनाशक, मेद विरघळवणारे व त्वचा प्रसन्न करणारे मानले आहे (→ आयुर्वेद).

घटक : चंदन, वाळा, नागरमोथा, आंबेहळद, कपूरकाचरी, गव्हला, गुलाबपाकळी, संत्र्याची साल, मुलतानी माती. घटक वाळवून, कुटून वस्त्रगाळ करतात आणि दूध, पाणी वा तेलात कालवून लावतात. काही मिश्रणांत बावचीही असते. तिच्यातील सोरॅलेनमुळे त्वचा उन्हाला संवेदनशील होते.

कार्य : चूर्णाच्या कणांनी मळ व मृत पेशी निघतात, म्हणून त्वचा तात्पुरती उजळ दिसते, मूळ वर्ण बदलत नाही. उजळपणाच्या साबणांतील कोजिक आम्ल मात्र टायरोसिनेज या विकराला रोखून मेलॅनिनची निर्मिती घटवते, पण साबण लगेच धुतला जात असल्याने त्याचा परिणाम मर्यादित राहतो (→ मेलॅनिन, साबण).

महत्त्व : मुंबईच्या गिरणगावात आणि महाराष्ट्रभर मराठी कुटुंबांत नरक चतुर्दशीला पहाटे तेल-उटणे लावून अभ्यंगस्नान करतात (→ दिवाळी).