मिरची : परसबागेतील वाणनिर्मिती

हौशी बागकाम करणाऱ्यांनी एकत्र येऊन, निवड आणि संकर यांच्या आधारे मिरचीचे नवे वाण घडवण्याची किंवा जुने वाण शुद्ध राखण्याची पद्धत.

मिरची पोर्तुगिजांबरोबर सोळाव्या शतकात भारतात आली. त्यानंतर भिवापुरी, लवंगी, संकेश्वरी असे वाण घडले ते शेतकऱ्यांच्या निवडीतून, आणि त्यात बियाणे जपणाऱ्या बायकांचा वाटा फार मोठा आहे. गोव्यात काणकोण तालुक्यातल्या खोला गावची मिरची पावसाळ्यात डोंगरउतारावर पिकते. तिला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळाले.

मिरचीचे फूल स्वतःच्या परागाने फळते, पण मधमाश्या दुसऱ्या झाडाचे परागही आणतात. लवंगीशेजारी ढोबळी असेल, तर लवंगीच्या बियांतून पुढच्या हंगामात भलतीच रोपे निघू शकतात. म्हणून बियाण्याच्या फांदीला कळ्या उमलण्याआधी मलमलची पिशवी बांधतात आणि फळ धरले की देठाला दोऱ्याची खूण करतात.

संकर करताना उमलण्याच्या बेतातल्या कळीतले परागकोष चिमट्याने काढून दुसऱ्या वाणाचे पराग लावतात. आईबाप शुद्ध असतील तर पहिली पिढी एकसारखी निघते. खरी गंमत दुसऱ्या पिढीत: तिथे गुण वेगवेगळे फुटतात. एकेका जनुकावर ठरणारे तीन अप्रभावी गुण एकाच झाडात हवे असतील, तर ते सरासरी 64 रोपांत एकदाच जुळून येतात. एका गच्चीला एवढ्या कुंड्या झेपत नाहीत. आठ घरांनी आठ-आठ रोपे वाटून घेतली की तेवढी रोपे होतात. पुढे निवडलेल्या झाडाचेच बी पिशवी बांधून धरत गेल्यास साधारण सहाव्या ते आठव्या पिढीत वाण स्थिरावतो. बुटक्या टोमॅटोच्या वाणांसाठी अमेरिकेतले क्रेग लेहुलियर आणि ऑस्ट्रेलियातल्या पत्रिना नस्क स्मॉल यांनी हौशी माळ्यांना असेच जोडले; दोन गोलार्धांमुळे त्यांना वर्षात दोन उन्हाळे मिळाले.

निवड स्थानिक हवामान पाहून करावी लागते. उदाहरणार्थ, बारामती-इंदापूरचा पट्टा पर्जन्यछायेतला. पारा 35 अंशांवर गेला की मिरचीची फुले गळतात आणि पांढरी माशी पाने आकसवणारा चुरडामुरडा रोग पसरवते. इथे निवड करताना उन्हात टिकलेले फूल आणि निरोगी शेंडा आधी पाहावा, फळाचा रंग व लांबी नंतर. बारामतीजवळच्या शारदानगरचे कृषी विज्ञान केंद्र याच पट्ट्यात असल्याने रोग ओळखण्यासाठी सल्लाही मिळू शकतो.

2001 च्या वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, वाटण्याचा आणि विकण्याचा हक्क दिला आहे. संरक्षित वाणाचे बी मात्र त्याला ब्रँडच्या नावाने विकता येत नाही. शेतकऱ्यांनी स्वतः घडवलेल्या वाणाची नोंदणीही याच कायद्याखाली होते.