आमच्या सांगोल्याचे आबासाहेब

कमिटीच्या निवडणुकीला कुणी फॉर्म भरत नाही, अशी रड आपल्याकडे नेहमीची. मला तेव्हा आमच्या सांगोल्याचे आबासाहेब, म्हणजे भाई गणपतराव देशमुख आठवतात.

शिक्षण वकिलीचं, पण काळा कोट मागे पडला आणि शेतकरी कामगार पक्षाचा लाल बावटा खांद्यावर आला, तो शेवटपर्यंत. १९६२ ला पहिल्यांदा आमदार झाले, नि सांगोल्यातूनच एकंदर अकरा वेळा. मंत्रीही झाले. पक्ष आटत गेला, हे हलले नाहीत. नागनाथअण्णा नायकवडींसोबत आटपाडीच्या पाणी परिषदांत दुष्काळी तालुक्यांसाठी पाणी मागत राहिले.

ते दोनदा पडले, १९७२ आणि १९९५ ला. दुसऱ्यांदा तर दोनशेच्या आत मतांनी! त्या वर्षी मी पुण्यात भाड्याच्या खोलीत होतो. एका मतानं काय होतंय, म्हणून गावी गेलोच नाही. निकालानंतर वडील माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

सत्तरीला टेकलेला माणूस एरवी घरी बसला असता. आबासाहेब १९९९ ला पुन्हा उभे राहिले.

मी आदल्या रात्रीच्या एसटीनंच गेलो.