पांजरपोळ, इस्पितळ आणि मधले आठवडे
जून १८३२मध्ये मुंबईतले पारशी रस्त्यावर उतरले ते कुत्र्यांसाठी. उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारण्याची कंपनी सरकारची मोहीम असे. कुत्र्यामागे आठ आणे मिळत, त्यामुळे शिपाई दारातली पाळलेली कुत्रीही ओढून नेत. दुकानं बंद झाली, कुलाब्याच्या छावणीची रसद अडली, अखेर लष्कर बोलवावं लागलं. धार्मिक भावना दुखावल्याची ही गोष्ट म्हणून ती सांगितली जाते; मला त्यामागे कर्तव्याची एक स्पष्ट कल्पनाही दिसते. पारशांच्या वेंदिदाद ग्रंथाच्या १५व्या अध्यायात व्यायला आलेल्या कुत्रीची जबाबदारी कोणाची, याचं उत्तर आहे: ज्याचं घर तिच्या सर्वांत जवळ, त्याची. तीही कायमची नाही. पिल्लं स्वतः हिंडू-फिरू लागेपर्यंत. १३वा अध्याय तर पिसाटलेल्या कुत्र्यावरही धर्मबांधवासारखे उपचार करायला सांगतो. ग्रंथातलं सगळं घरोघर पाळलं जात होतं, असा दावा करता येणार नाही. पण अडचणीतल्या कुत्र्याला ठरावीक मुदतीपुरतं घर द्यावं, हा विचार आजच्या शहरी हौसेतून आलेला नाही, एवढं यावरून नक्की म्हणता येतं.

मुंबईने मात्र संस्थांचा रस्ता धरला. १८३४मध्ये जमशेटजी जीजीभाई आणि जैन व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने भुलेश्वरला पांजरपोळ उभी राहिली. पुढे १८८३मध्ये दिनशा पेटिट यांच्या देणगीतून परळला बाई साकरबाई इस्पितळ निघालं, ज्याला लोक आजही बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात. १८८६मध्ये त्याच्या आवारात पशुवैद्यकीय शिक्षणही सुरू झालं. या कामाचं मोल फार मोठं आहे. तरी पांजरपोळीचा भर जन्मभराच्या आसऱ्यावर होता आणि इस्पितळाचा उपचारावर. उपचार संपले, पण जनावर अजून रस्त्यावर सोडण्याजोगं नाही, अशा मधल्या आठवड्यांची जागा दोन्हींत रिकामीच राहिली.

ती रिकामी जागा किती धोक्याची आहे हे १९७८च्या सुमारास कुत्र्यांमध्ये जगभर पसरलेल्या पार्वो विषाणूने दाखवून दिलं. हा विषाणू जमिनीत, भांड्यांत, पिंजऱ्याच्या फटींत महिनोन्‌महिने टिकतो. लसीचे डोस पुरे न झालेलं पिल्लू पंधरा पिंजऱ्यांच्या रांगेत ठेवणं म्हणजे त्याला आजाराच्या तोंडी देणंच. हाड मोडलेल्या कुत्र्याचंही तसंच. प्लेट बसवल्यावर सहा ते आठ आठवडे त्याला उड्या मारू द्यायच्या नसतात, टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात प्लास्टिकचा कोन घालायचा, लघवीलाही पट्ट्याने धरून न्यायचं. शंभर जनावरं सांभाळणाऱ्या दोन-चार कामगारांकडून हे कसं व्हावं? भटक्या कुत्र्यांबाबतच्या २००१च्या नियमांनी नसबंदी झालेलं कुत्रं मूळ जागी सोडायला सांगितलं, ते योग्यच. पण तीन पायांवर लंगडणाऱ्याला त्या जागेवर गाड्यांपासून कोण वाचवणार?

अशा कुत्र्याला ते मधले आठवडे एखाद्या घराने सांभाळावं, यावर आक्षेप येतात आणि ते पोकळ नाहीत. घरात डॉक्टर नसतो, हे खरं; म्हणूनच सलाईनवर असलेल्या कुत्र्याची जागा इस्पितळातच. घर हवं ते त्यानंतर, वेळेवर गोळी आणि चार-चार घास भरवायला. पार्वो घरातही टिकतो, हेही खरं. म्हणून जिथे लस न झालेलं दुसरं कुत्रं आहे त्या घराने नाही म्हणावं आणि त्याबद्दल त्याला कोणी दोष देऊ नये. सर्वांत जुनी भीती मात्र गळ्यात पडण्याची. पंधरा दिवसांसाठी आणलेलं कुत्रं सहा महिने राहतं, औषधाची बिलं वाढतात, सोसायटीत कुरबुर सुरू होते, आणि पुढच्या वेळी तेच घर दार लावून घेतं. म्हणून कुत्रं इस्पितळातून हलवण्याआधीच तीन गोष्टी कागदावर याव्यात: खर्च कोणाचा, पुढच्या तपासणीला कोण नेणार, आणि मुदत संपल्यावर ते कोणाच्या ताब्यात जाणार.