कंदिलाची काच

सारसोळ्यात, खाडीकाठच्या आमच्या गावात, लहानपणी तिन्हीसांजेचं एक काम माझ्याकडे होतं, कंदिलाची काच पुसायचं. घरात सगळ्यांत लहान हात माझा, तोच आत शिरायचा. चुलीतली राख आणि जुन्या लुगड्याची चिंधी. रात्रीची भरती साधून बाबा खाडीवर निघाले की होडीत तोच कंदील असायचा. मी वात वर चढवली की आजी आतून ओरडायची, "वात बारीक कर रं, काच काली व्हईल!"

आजीचं शास्त्र पक्कं होतं. वातीतून चढलेल्या रॉकेलची वाफ होते. ज्योतीच्या पोटात हवा पुरत नाही, म्हणून वाफ जळण्याऐवजी तापून मोडते आणि त्या तुकड्यांचे कार्बनचे बारीक कण जमतात. हे कण धगीने पिवळे झळाळतात, तोच कंदिलाचा उजेड. म्हणजे पाढे मी काजळीच्या उजेडात पाठ केले! १८६०च्या नाताळात फॅरेडेने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसमोर मेणबत्तीच्या उजळ भागात काचेची नळी धरून हा काळा धूर बाहेर काढून दाखवला होता. एरवी तो दिसत नाही, कारण ज्योतीच्या कडेला हवा भेटताच कण जळून जातात. वात मोठी झाली की कण जास्त आणि हवा अपुरी. शेंडा लाल पडतो, उरलेलं सगळं काचेवर.

ही हवा पुरवण्यासाठीच माणसांनी डोकं लढवलं. १७८०च्या दशकात जिनिव्हाच्या आर्गांने वात पोकळ, गोल केली आणि ज्योतीभोवती नळी बसवली. आपल्याकडे कऱ्हाडजवळ १९१६ साली ओगल्यांचा काच कारखाना निघाला, त्यांचा प्रभाकर कंदील घरोघर गेला. कंदिलाच्या बाजूच्या दोन पत्र्याच्या नळ्या मी दांडा समजत होतो. त्या वरची हवा खाली ज्योतीपर्यंत आणतात.

आजी मात्र हाच खेळ उलटा खेळायची. एरंडेलाच्या दिव्यावर पितळी ताटली उपडी धरायची. गार पितळेने ज्योतीचा शेंडा निवायचा, जळायचे राहिलेले कण ताटलीला बसायचे. ते खरवडून तुपात घोटलं की काजळ. काचेवरच्या काजळीसाठी मला बोलणी, ताटलीवरची डबीत जपून.

आता गाव आणि जेट्टी यांच्यामधून पाम बीच रस्ता जातो, खाडीवर जाणारे डोक्याला बॅटरी बांधतात. आमचा कंदील माळ्यावर आहे. काच केव्हाच फुटली. टोपणात बोट फिरवलं तर अजून काळं होतं.