फ्रेटिंग झीज (सिरॅमिकमधील)

घट्ट दाबून बसवलेले दोन भाग कंपनामुळे एकमेकांवर किंचित मागेपुढे सरकत राहिले, की स्पर्शाच्या जागी होणारी झीज म्हणजे फ्रेटिंग. ही सरक साधारण 100 मायक्रॉनच्या आतली असते, म्हणजे फार तर केसाच्या जाडीएवढी. 1911 मध्ये इडन, रोझ आणि कनिंगहॅम यांना धातूच्या नमुन्यांची चाचणी घेताना पकडीच्या जागी तपकिरी भुकटी दिसली. या झिजेची ती पहिली नोंद मानतात. पोलादाची भुकटी गंजाच्या रंगाची असते. सिरॅमिक गंजत नाही, तेव्हा त्याला हा त्रास नाही, असे सहज वाटते. पण सिरॅमिकचा पृष्ठभागही हवेतल्या ओलाव्याशी आणि पाण्याशी झगडत असतो.

सिरॅमिकची अशी घासाघीस शेतातही दिसते. नेवासा तालुक्यातल्या घोडेगावच्या शिवारात ऊस-कांद्याला पाणी देणारी मोनोब्लॉक मोटर उघडली, की सिरॅमिक हाताशी येते. दांड्यावर स्प्रिंग, रबर आणि काळी कार्बनची कडी. तिच्यासमोर पांढरीशुभ्र, काचेसारखी गुळगुळीत, अॅल्युमिना या सिरॅमिकची कडी. फिटर याला नुसते ‘सील’ म्हणतो. दोन्ही कड्यांमध्ये पाण्याचा अतिशय पातळ थर असतो. विहीर आटली आणि मोटर कोरडी फिरली, की पांढरी कडी तापते आणि अचानक पाणी आले की तडकते.

हे साधे घर्षण झाले. फ्रेटिंग त्याच्या शेजारी घडते. काही सीलमध्ये रबरी किंवा टेफ्लॉनची कडी दांड्यावर मागेपुढे सरकेल अशी बसवलेली असते. तिथे प्रत्येक फेऱ्यातल्या बारीक हिसक्याने पोलादात चर पडतो आणि गळती सुरू होते. यावर उपाय म्हणून दांड्याला क्रोमियम ऑक्साइडसारख्या सिरॅमिकचा लेप देतात.

सिरॅमिक सिरॅमिकवर घासते तेव्हा सगळी गंमत रसायनात असते. पाण्यात घासले जाणारे सिलिकॉन नायट्राइड पाण्याशी अभिक्रिया करून सिलिका आणि अमोनिया तयार करते. उंचवटे विरघळून पृष्ठभाग आरशासारखा होतो. टोमिझावा आणि फिशर यांनी 1987 मध्ये दाखवले, की अशा वेळी घर्षणांक 0.01 पेक्षाही खाली जातो. मात्र तो सलग सरकण्याचा फायदा होता. फ्रेटिंगमध्ये भाग प्रत्येक टोकाला थांबतो, पाण्याचा थर टिकत नाही आणि सुटलेली भुकटी बाहेर निघायला वाट नसते. ती दाबली जाऊन कधी गादीसारखी राखण करते, कधी कानसीसारखी खाते.

अॅल्युमिनाच्या बाबतीत ओलावा दुहेरी वागतो. त्याने हायड्रॉक्साइडचा मऊ थर बनून झीज कमी होते; त्याच ओलाव्याने ताणाखालच्या बारीक भेगा हळूहळू पुढेही सरकतात. झिर्कोनियात तर पाण्यामुळे पृष्ठभागावरच्या स्फटिकांची रचनाच बदलते, कण सुमारे 4 टक्के फुगतात आणि सुटू लागतात.

माणसाच्या शरीरातही हा प्रश्न आहे. 1970 मध्ये फ्रान्समध्ये पिएर बुताँ यांनी खुब्याच्या कृत्रिम सांध्यात अॅल्युमिना वापरले. आजच्या सांध्यात सिरॅमिकचा गोळा धातूच्या निमुळत्या दांड्यावर ठोकून बसवतात. दर पावलाला तिथे मायक्रॉनभर हालचाल होते. तरीही कोबाल्ट-क्रोमच्या गोळ्याच्या तुलनेत सिरॅमिकच्या गोळ्याखाली दांड्याची झीज व क्षरण कमी आढळले आहे. बसवताना दांड्यावर रक्त किंवा हाडाचा कण राहू नये म्हणून शल्यविशारद तो पुसून कोरडा करून घेतात.