बारा मायक्रॉनची कडी

"तुझ्या क्षेत्रातलं काहीतरी लिही, पण सगळ्यांना कळेल असं," हा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा मी जरा विचारात पडले. माझं क्षेत्र सॉफ्टवेअर. आपल्या १९९६ च्या दहावीच्या बॅचमधले निम्मे लोक त्यातच आहेत, त्यांना मी नवं काय सांगणार? म्हणून सॉफ्टवेअर ज्या जमिनीवर उभं असतं, त्या जमिनीची एक गोष्ट सांगते. ती मिखाल लिप्सन या भौतिकशास्त्रज्ञ बाईंची आहे. आपल्या सर-बाईंना ती खास आवडावी, कारण तिच्यातलं बरंचसं भौतिकशास्त्र त्यांनीच आपल्याला फळ्यावर शिकवलं आहे.

हा विषय निवडायला एक घरगुती कारणही आहे. माझी मुलगी बारावीला आहे आणि तिला इंजिनीअरिंगला न जाता फिजिक्समध्ये बी.एस्सी. करायचं आहे. "फिजिक्स करून पुढे काय?" हा प्रश्न आमच्या घरात सध्या रोज जेवणाबरोबर वाढला जातो. आपल्या वेळीही तो होता. फरक इतकाच, की तेव्हा तो आपल्याला विचारला जायचा आणि आता विचारणारे आपण आहोत.

तर गोष्ट अशी. आपण मोबाइलवर काही शोधतो तेव्हा काम होतं ते ऐरोलीसारख्या ठिकाणच्या एखाद्या डेटा सेंटरमध्ये. तिथे हजारो संगणक एकमेकांशी सतत बोलत असतात. हे बोलणं तांब्याच्या तारेतून केलं तर वेग वाढेल तसा सिग्नल लवकर विरतो आणि वीज उष्णतेत वाया जाते. फार वेगाला तांब्याची धाव मीटर-दोन मीटरवर संपते. काचेच्या तंतूतून, म्हणजे ऑप्टिकल फायबरमधून, तोच संदेश प्रकाशाच्या रूपात कित्येक किलोमीटर आरामात जातो. पूर्ण आंतरिक परावर्तन, नववी-दहावीचा धडा.

अडचण तंतूत नाही, तंतूच्या तोंडाशी आहे. संगणकातले शून्य आणि एक विजेच्या रूपात असतात, ते प्रकाशावर चढवायचे कसे? त्यासाठी मॉड्युलेटर लागतो. विजेच्या इशाऱ्यावर प्रकाशाची वाट उघडणारी आणि बंद करणारी झडप म्हणा ना. दूरसंचार कंपन्या ही झडप लिथियम नायोबेट नावाच्या स्फटिकाची करत. उत्तम चाले, पण लांबी काही सेंटिमीटर, किंमत भरपूर, आणि बसवायची चिपच्या बाहेर. चिप असते सिलिकॉनची. मग झडपही सिलिकॉनचीच का करू नये?

कारण प्रकाशाच्या बाबतीत सिलिकॉन ढ विद्यार्थी समजला जाई. त्यातून स्वतःहून प्रकाश नीट निघत नाही. त्याच्या स्फटिकाची रचना इतकी सममित आहे, की लिथियम नायोबेटसारखा विद्युतदाब दिला म्हणून त्याचा अपवर्तनांक सरळ बदलत नाही. १९८७ मध्ये अमेरिकेतल्या रिचर्ड सोरेफ आणि ब्रायन बेनेट यांनी हिशेब करून दाखवलं, की सिलिकॉनमध्ये विद्युतभार सोडले तर अपवर्तनांक थोडासा हलतो. थोडासा म्हणजे किती? चांगले भरपूर भार सोडल्यावर हजारात एक-दोन भाग. एवढ्याशा फरकाचा उपयोग व्हायचा, तर प्रकाशाला त्या पट्ट्यातून बरंच अंतर चालवावं लागतं. २००४ मध्ये इंटेलच्या संशोधकांनी सिलिकॉनचा मॉड्युलेटर एक गिगाहर्ट्झच्या पुढे नेला, ती मोठीच मजल होती, पण त्याची लांबी मिलिमीटरांत मोजावी लागे. ज्या चिपवर ट्रान्झिस्टर कोटींनी बसतात, तिथे काही मिलिमीटर म्हणजे भर पेठेत फुटबॉलचं मैदान मागण्यासारखं.

लिप्सन यांचा जन्म १९७० चा, इस्रायलमधला. लहानपणाची काही वर्षं ब्राझीलमध्ये गेली. वडील रूवेन ओफेर भौतिकशास्त्रज्ञ. जुळी बहीण मेराव ओफेर हीसुद्धा भौतिकशास्त्रज्ञ, आणि तिचा विषय सूर्याच्या प्रभावक्षेत्राची कड, जिच्यापलीकडे व्हॉयेजर यानं गेली. एक बहीण अब्जावधी किलोमीटरांत रमली, दुसरी किलोमीटरच्या अब्जाव्या भागात. पदवीची सुरुवातीची वर्षं साओ पावलोत, पुढचं शिक्षण हैफाच्या टेक्नियनमध्ये, तिथेच १९९८ मध्ये भौतिकशास्त्रात डॉक्टरेट. त्यानंतर एमआयटीत लायोनेल किमरलिंग यांच्या गटात संशोधन, आणि २००१ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात प्राध्यापकी.

२००१ हे साल लक्षात घ्या. आपल्यातले जे त्या सुमारास इंजिनीअरिंग संपवत होते, त्यांना ते विसरता येणार नाही. डॉट-कॉमचा फुगा फुटला होता. मला कॅम्पसमध्ये मिळालेल्या नोकरीची रुजू होण्याची तारीख तीनदा पुढे गेली. त्याच फुग्याबरोबर ऑप्टिकल दूरसंचाराचाही बाजार कोसळला, जमिनीत पुरलेले फायबर वापराविना पडून राहिले, आणि प्रकाशाच्या उपकरणांत आता कोण पैसा घालणार असं वातावरण झालं. नेमक्या त्या वेळी लिप्सन यांनी सिलिकॉनमधला प्रकाश हाच विषय घेऊन आपली प्रयोगशाळा मांडायला घेतली. कॉर्नेलमध्ये अतिसूक्ष्म रचना कोरण्याची सोय १९७७ पासून होती, ही जमेची बाजू.

पहिला प्रश्न प्रकाश चिपमध्ये शिरवण्याचाच होता. फायबरमधला प्रकाशाचा झोत आठ-नऊ मायक्रॉन रुंद. चिपवरची सिलिकॉनची वाट अर्ध्या मायक्रॉनहूनही अरुंद. हमरस्त्यावरची वाहतूक एकदम बोळात घालायची, तर बहुतेक प्रकाश बाहेरच सांडणार. कोणीही म्हणेल, वाटेचं तोंड नरसाळ्यासारखं रुंद करा. लिप्सन आणि त्यांचे विद्यार्थी विल्सन आल्मेइडा यांच्या गटाने २००३ मध्ये उलटं केलं: वाट टोकाशी आणखी निमुळती केली, सुमारे शंभर नॅनोमीटरपर्यंत. वाट इतकी बारीक झाली की प्रकाश तिच्यात मावेना. तो तिच्याभोवती फुगून पसरला, आणि पसरलेला झोत फायबरच्या झोताशी जुळला. रुंद व्हावं म्हणून अरुंद करायचं! मला या सबंध कारकिर्दीतली ही सर्वांत आवडती युक्ती वाटते. बातम्यांत मात्र तिचं नाव क्वचित येतं.

आता कडीकडे वळू. आपली विजापूरची सहल आठवते? गोल घुमटाच्या वरच्या सज्जात भिंतीला कान लावून आपण रांगेत उभे होतो आणि सर पलीकडच्या टोकाला जाऊन कुजबुजले होते. आवाज भिंतीला धरून गोल फिरत आला. अशा घुमटांचा अभ्यास लंडनमध्ये लॉर्ड रॅले यांनी आणि आपल्याकडे सी. व्ही. रामन यांनी केला होता. प्रकाशालाही असंच गोल फिरवता येतं. सिलिकॉनची सूक्ष्म कडी कोरायची आणि तिला जवळजवळ चिकटून एक सरळ वाट ठेवायची. कडीच्या परिघात ज्या तरंगलांबीच्या पूर्ण लाटा बरोबर बसतात, ती तरंगलांबी सरळ वाटेवरून कडीत ओढली जाते आणि तिथेच फेऱ्या घालत राहते. बाकीच्या तरंगलांबी सरळ निघून जातात.

इथे मेख आहे. प्रकाश एकाच कडीत डझनावारी फेऱ्या घालतो, म्हणजे अंतर खूप चालतो पण जागा अडवत नाही. त्यामुळे सोरेफ यांचा तो हजारात एक-दोनचा क्षीण बदलही पुरतो. विद्युतभार सोडले की कडीचा सूर किंचित सरकतो, आणि एरवी कडीत अडकणारा प्रकाश सरळ पुढे जातो. भार काढून घेतले की पुन्हा अडकतो. झाले शून्य आणि एक.

मे २००५ मध्ये 'नेचर'मध्ये हा निबंध आला. लेखक चार: चिएनफान शू, ब्रॅडली श्मिट, समीर प्रधान आणि मिखाल लिप्सन. कडीचा व्यास १२ मायक्रॉन. आपल्या डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीत अशा पाच-सहा कड्या शेजारी शेजारी मावतील. आधीच्या उपकरणांपेक्षा आकार हजारपटीने लहान. वेग सेकंदाला दीड अब्ज बिट. दोनच वर्षांत त्याच गटाने तो साडेबारा अब्जांवर नेला.

सगळं श्रेय एकट्या लिप्सन यांना देणारे लेख मी वाचले आहेत; मला ते पटत नाही, आणि इतिहास म्हणून तर मुळीच नाही. कडीची कल्पना बेल लॅब्जच्या मार्काटिली यांनी १९६९ मध्येच मांडली होती. सिलिकॉनच्या चिमुकल्या कड्या एमआयटीत, किमरलिंग यांच्याच वर्तुळात, १९९८ मध्ये झाल्या होत्या. सोरेफ यांचा हिशेब तर अठरा वर्षं कपाटात होता. सामान सगळं घरात होतं. ते एकत्र आणून विजेच्या एका इशाऱ्यावर नाचवून दाखवणं हे मात्र कॉर्नेलमध्ये घडलं, आणि त्याला शिकलेल्या डोळ्यांइतकाच धीरही लागतो. कडीची भिंत काही नॅनोमीटरने खडबडीत राहिली तरी प्रकाश विखुरतो. एकेका नमुन्यामागे किती फुकट गेले असतील, याचा अंदाज ज्याने कधी काही बनवलं आहे त्याला येईल.

आणि हे यश म्हणजे लगेच कारखाना नव्हे. कडीचा गुण तोच तिचा दोष. जी इतक्या लहान बदलाला दाद देते, ती तापमानालाही देते. शेजारचा प्रोसेसर थोडा तापला की कडीचा सूर ढळतो. मग प्रत्येक कडीवर एक बारीकशी शेगडी बसवून तिला एका ठरावीक तापमानाला धरून ठेवायचं. वीज वाचवायला आणलेल्या वस्तूला ऊब द्यायला पुन्हा वीज! अनेक जाणते लोक याच कारणाने कड्यांना नाक मुरडत राहिले, आणि बाजारात लांबुडक्या मॉड्युलेटरची चलती बरीच वर्षं टिकली. त्यांचं म्हणणं चुकीचं होतं असं नाही. शेगडीचा आणि तिच्यावर नजर ठेवणाऱ्या सर्किटचा प्रश्न सुटायला वेळ लागला, इतकंच. आम्ही सॉफ्टवेअरवाले दर पंधरवड्याला नवी आवृत्ती काढतो आणि थकल्याचा आव आणतो, म्हणून हा वेळ मला मुद्दाम सांगावासा वाटतो.

मधल्या काळात मान-सन्मान आले. २०१० मध्ये मॅकआर्थर फेलोशिप, २०१५ मध्ये कोलंबिया विद्यापीठात बदल, २०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचं सदस्यत्व, २०२३ मध्ये 'ऑप्टिका' या प्रकाशशास्त्राच्या संस्थेचं अध्यक्षपद. त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी काहींनी चिपवरचा लायडार, म्हणजे प्रकाशाने अंतर मोजणारं उपकरण, करायला घेतला.

मार्च २०२५ मध्ये एनव्हिडिया कंपनीने डेटा सेंटरसाठी नवे स्विच जाहीर केले. त्यांत प्रकाशाची झडप चिपच्या अगदी शेजारी आणून बसवली आहे, आणि ती झडप म्हणजे सिलिकॉनची सूक्ष्म कडी. 'नेचर'मधल्या निबंधाला तेव्हा दोन महिन्यांनी वीस वर्षं होणार होती. मी ती बातमी ऑफिसात वाचली आणि संध्याकाळी मुलीला दाखवली. तिने विचारलं, "पण मग लेझर कुठून येतो? सिलिकॉन तर प्रकाश देत नाही ना?"

बरोबर. लेझर अजून बाहेरूनच आणावा लागतो. लिप्सन यांचा अलीकडचा बराच उद्योग त्याच दिशेने आहे: एकाच लेझरचा प्रकाश सिलिकॉन नायट्राइडच्या कडीत फिरवायचा आणि त्यातून कंगव्याच्या दातांसारख्या समान अंतरावरच्या अनेक तरंगलांबी काढायच्या, म्हणजे प्रत्येक दातावर वेगळा संदेश चढवता येईल. अलेक्झांडर गायटा यांच्याबरोबर २०१० पासून हे काम चालू आहे, आणि त्यावर आता त्यांची एक कंपनीही उभी आहे. एकाच लाटेतून अनेक लाटा कशा निघतात, हे मुलीने मला विचारलं. मला निम्मंच सांगता आलं, उरलेलं मी सरांसाठी राखून ठेवलं आहे. मेळाव्याला ती माझ्याबरोबर येते आहे.