हॉटेलचा नकाशा वाचताना मी कुठे चुकले

हॉटेलच्या इमारतीवर कसला इतिहास लिहिणार, असं मला बरेच जण विचारतात. एम.एस्सी. करून इकडे वळले तेव्हा माझीही तीच शंका होती. म्हणून आज एकच उदाहरण घेऊ: श्रीलंकेत दंबुल्लाजवळचं कंदलामा हॉटेल, १९९४. वास्तुरचनाकार जेफ्री बावा. (हे आधी वकील होते, वास्तुरचनाकार झाले अडतिसाव्या वर्षी. विषय बदलायला घाबरणाऱ्यांनी नोंद घ्यावी!)

मूळ जागा होती सिगिरियाच्या कड्याच्या पायथ्याशी. बावांनी ती नाकारली आणि दूर, कंदलामा तलावाकाठचा डोंगर निवडला. आता नकाशा समोर ठेवा आणि पाहुण्याबरोबर चाला. गाडी थांबते खडकाला लागून असलेल्या पोर्चमध्ये. पुढे गुहेसारखा बोळ, त्यात डोंगराचा खडक तसाच आत आलेला. बोळ संपतो आणि समोर एकदम तलाव, पार क्षितिजावर सिगिरिया. ज्या कड्याखाली हॉटेल व्हायचं होतं, तोच कडा आता लाउंजमधून बघायचा देखावा झाला. खोल्या १५२, पण एकावर एक रचून ठोकळा केलेला नाही. डोंगराच्या कडेकडेने इमारत जवळपास एक किलोमीटर लांबवली आहे. सपाट छपरांवर झाडं, दर्शनी भागावर लाकडी जाळी आणि वेली. खांबांवर उचलल्यामुळे डोंगराचं पावसाळी पाणी खालून वाहून जातं.

मी इथेच थांबले होते. टिपणाला मथळा दिला, 'निसर्गाशी एकरूप वास्तू'. गाईडनी वाचून एवढंच विचारलं, "कोणाला दिसलेली?"

मग कळलं की हॉटेल उभं राहण्याआधीच भिक्खू आणि गावकरी विरोधात उतरले होते. तलावाचं पाणी खराब होईल, दंबुल्लाच्या पवित्र परिसराला धक्का लागेल, ही त्यांची भीती. माझ्या टिपणात यातलं एक अक्षर नव्हतं, कारण मी फक्त वास्तुकलेची मासिकं चाळली होती. लगेच दुसरी चूकही केली: 'विरोधामुळे हॉटेल झाडांत लपवलं' असं लिहून मोकळी झाले. विज्ञानात शिकलेलं विसरले. दोन गोष्टी शेजारी दिसल्या म्हणजे एक दुसरीचं कारण ठरत नाही. आराखड्याच्या कुठल्या आवृत्तीवर कोणती तारीख आहे, ते आधी लावा.

आणि नकाशावर दुसऱ्या रंगाने आणखी एक वाट काढा: स्वयंपाकघर, धुलाई, कर्मचाऱ्यांचं दार, सांडपाणी. पाहुण्याच्या वाटेला ती कुठे छेदते ते बघा. माझं सध्या तेच चाललंय.